‘जलम्’ची टाकी

नौपाडा, ठाणे
११ जानेवारी २०२५

चि. सौ. संचिता हिस,
अ. उ. आ.

अत्यंत जड अंतःकरणाने लिहितो की आपल्या गाडीतलं पिवळं फडकं भ्रष्ट झालं आहे. पिवळं फडकं काचेचं आणि चौकड्याचं चाकांचं, ही व्यवस्था गाडी घेतली त्या दिवसापासून चालत आली आहे. गेल्या खेपेला गाडी तुझ्याकडून आली तेव्हा पिवळ्या फडक्यावर टायरचा काळा पट्टा होता, चांगला वीतभर. मी ते तीनदा धुतलं. फडक्याला प्रायश्चित्त असतं असं कुठल्या स्मृतीत सापडलं नाही, म्हणून शेवटी त्याची बदली डिकीत केली.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू हसतेस आणि मुद्दा बाजूला राहतो. गाडी दोघा भावंडांची, पंधरा दिवस ठाण्यात आणि पंधरा दिवस ठाकुर्लीत. समोरच्या कप्प्यात पत्र ठेवलं की ते आपोआप पोचतं, आणि तुला गाडीतून उतरेपर्यंत ते वाचण्यावाचून इलाज नसतो.

आज शाळेला सुट्टी, म्हणून गाडी साग्रसंगीत काढली. पायाखालच्या मॅट घासल्या. एअर फिल्टर झटकला, त्यातून अर्धा घोडबंदर रोड निघाला. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याने काढली. चारही टायरमध्ये हवा भरली आणि स्टेपनीतही, कारण तिची चौकशी कोणी करत नाही.

बॉनेटखाली तुझा गोंधळ होतो. मागच्या वर्षी ऑइल समजून तू ब्रेकचं झाकण उघडून बसली होतीस. म्हणून सगळीकडे पट्ट्या डकवल्या आहेत. इंजिन ऑइलवर ‘तैलम्’. वायपरच्या पाण्याच्या टाकीवर ‘जलम्’. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीवर ‘शीतकम्’. ब्रेकच्या तेलावर ‘न स्प्रष्टव्यम्’, म्हणजे हात लावायचा नाही. ही खास तुझ्यासाठी. मग ‘जलम्’ची टाकी रिठ्याच्या पाण्याने काठोकाठ भरली. बाजारच्या साबणाने काच तुपकट होते.

मागच्या रविवारी कल्याणला एका साठीशांतीला गेलो होतो. परतताना नौपाड्याऐवजी शहाडच्या पुलावर गेलो. तुझ्या वहिनीला उल्हास नदी दाखवावी असं मनात आलं. ती म्हणाली, नदी बघायची तर आधी सांगायचं, भरजरी साडीत कोणी नदी बघतं का. यात तिचं बरोबर आहे.

लोभ आहेच, तो वाढावा आणि फडकी वेगळी राहावीत, ही विनंती.

तुझा,
हरिहरदादा


ठाकुर्ली
२५ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फडक्याचा गुन्हा कबूल, पण हात माझा नाही, तुझ्या लाडक्या भाचीचा. शिवानीला मी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणते, मामाला सॉरी सांग आणि मामा वकील का नाही झाला ते विचार. कप्प्यात नवं पिवळं फडकं ठेवलंय. त्यावर ‘काच’ असं भरलंय, तेही मराठीत, कारण संस्कृत भरतकाम मला येत नाही.

आता खरी बातमी. मंगळवारी गाडीला फेस आला. थट्टा करत नाहीये. आठवडाभर ती नुसती भाजीपुरती बाहेर पडत होती. मंगळवारी मी आणि शिवानी कल्याणहून येत होतो, तर पत्री पुलाजवळ तापमानाचा काटा लालमध्ये गेला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर दूध उतू जावं तसा पांढरा फेस. एक काका मुद्दाम स्कूटर थांबवून विचारून गेले की आम्ही कुठली पावडर वापरतो.

आपला नेहमीचा मेकॅनिक चांगदेव आला. त्याने आधी तुझी ‘न स्प्रष्टव्यम्’ वाचली आणि हात मागे बांधून उभाच राहिला. ताई, आत देव बसवलाय का, असं विचारत होता. मग कळलं की कूलंटच्या टाकीत साबणाचं पाणी आहे. नाक लावून तो म्हणाला, साबण नाही, रिठा. सगळं काढून तीनदा धुतलं, नवीन कूलंट भरलं. अजून दोन-तीन किलोमीटर तशीच दामटली असती तर इंजिन उघडायला लागलं असतं, असं तो म्हणाला. वायपरची टाकी मात्र कोरडी ठणठणीत होती.

माझाच हात चुकला असणार. रागावू नकोस.

वहिनी फोनवर सांगत होती की शहाडच्या पुलावर तू गाडी थांबवलीस, पण नदीकडे बघितलंसच नाही. बरा आहेस ना? झोप होते ना नीट?

लोभ असावा आणि पुढच्या पट्ट्या चांगदेवला वाचता येतील अशा असाव्यात, ही विनंती.

तुझी,
संचिता


नौपाडा, ठाणे
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संचिता हिस,
अ. उ. आ.

अत्यंत जड अंतःकरणाने लिहितो की आपल्या गाडीतलं पिवळं फडकं भ्रष्ट झालं आहे. पिवळं फडकं काचेचं आणि चौकड्याचं चाकांचं, ही व्यवस्था गाडी घेतली त्या दिवसापासून चालत आली आहे. आज डिकी आवरताना ते सापडलं. त्यावर टायरचा काळा पट्टा आहे, चांगला वीतभर. समोरच्या कप्प्यात एक दुसरं फडकं होतं, ‘काच’ असं भरलेलं. कोणाचं तरी राहिलेलं दिसतं. टाके सुबक आहेत. मालक सापडेपर्यंत वापरतो.

तुझं फेसाचं वर्णन वाचलं. कबुली दिल्यामुळे शिक्षा सौम्य करतो, पण ‘जलम्’ आणि ‘शीतकम्’ यांतला भेद माझी आठवीतली मुलंही ओळखतात. तुझ्या तीन वर्षांच्या संस्कृताचं काय झालं? वायपरची टाकी कोरडी होती यात नवल नाही. ती मी भरलीच नव्हती, ते काम पुढच्या खेपेसाठी ठेवलं होतं. तुमच्या घरी रिठा वापरायला लागलात हे मात्र चांगलं झालं.

झोप उत्तम. नदीकडे बघितलंच पाहिजे असं काही नाही. ती असतेच.

या वेळी दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं आणि वायपरची रबरं बदलली. मागचं डावं दार आता कुरकुरत नाही, त्यामुळे ते उघडं राहिलं तर कळणार नाही. लक्ष ठेव.

लोभ कायम राहावा आणि झाकणं वाचून मग उघडावीत, ही विनंती.

तुझा,
हरिहरदादा


ठाकुर्ली
११ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवतेय. कप्प्यात ठेवलं असतं तर तुझ्या हातात पडायला आणखी बारा दिवस गेले असते.

तुझी सगळी पत्रं मी सर्व्हिस बुकच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवते. अकरा जानेवारीच्या आणि आठ फेब्रुवारीच्या पत्राची झेरॉक्स सोबत आहे. सुरुवात एकाखाली एक ठेवून वाच. मग जानेवारीच्या पत्रात ‘जलम्’ची टाकी भरल्याचं वाक्य आहे, ते वाच. ‘काच’ लिहिलेलं फडकं माझं आहे, दादा. मी तुला तसं लिहिलं होतं.

आणि मी खोटं लिहिलं. आमच्या घरात रिठा नाही. डिसेंबरपासून त्या मंगळवारपर्यंत मी बॉनेट उघडलेलंच नव्हतं. चांगदेवने दाखवलं तेव्हा ‘जलम्’ची पट्टी कूलंटच्या टाकीवर होती आणि ‘शीतकम्’ची वायपरच्या. तुझंच अक्षर, कडा कात्रीने गोल केलेल्या. मी त्या दोन्ही काढून घेतल्या आणि चूक माझ्यावर घेतली. म्हटलं, होतं कोणाचंही. पण परवाचं पत्र वाचल्यावर नुसतं तेवढं वाटत नाही.

तेवीस तारखेला गाडी न्यायला येऊ नकोस. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण डॉक्टरांकडे चल. वहिनीला मी काही बोललेले नाही.

तुझी,
संचिता


नौपाडा, ठाणे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संचिता हिस,
अ. उ. आ.

दोन्ही झेरॉक्स वाचल्या. शैली बरी आहे. दोन्ही वेळा.

पहिल्या दिवशी मी असं ठरवलं की जानेवारीचं पत्र तूच माझ्या अक्षरात लिहिलं असणार. पण फडक्याच्या प्रायश्चित्ताचं वाक्य तुला सुचणार नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो मुद्दा सोडला. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांचा उरलेला कागद काढून बघितला. कडा गोल कापलेल्या आहेत.

शब्दरूपं रोज सकाळी म्हणून बघतो. सगळी जागेवर आहेत, द्विवचनासकट. वर्गातही अडखळत नाही. जातं ते कालचं आणि परवाचं. परवा एका मुलाची वही मी दोनदा तपासली आणि दोनदा निराळे गुण दिले. त्याने जास्त होते ते ठेवून घेतले.

सत्तावीस तारखेला, गुरुवारी, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नौपाड्यातच आहेत, घरापासून चालत जाता येतं. तू ये. गाडी घेऊन येणार असशील तर निघताना कूलंट बघ. माझी किल्ली या पाकिटात आहे, पाकीट रजिस्टर केलं आहे. रविवारी गाडी धुवायला मी ठाकुर्लीला येत जाईन. मॅट आणि काचा माझ्याकडे, बॉनेट तुझ्याकडे. शिवानीने चाकं करावीत, चौकड्याच्या फडक्याने.

गाडीची मला काळजी नाही. शहाडचं सांगतो. नदी दाखवायला मी गेलो नव्हतो. रस्ता चुकलो होतो, आणि पुलावर थांबलो कारण घर कुठल्या बाजूला आहे ते कळेना. तेही एक वेळ चालेल, रस्त्यावर पाट्या असतात. पण तुझी वहिनी शेजारी बसली होती. काय झालं म्हणून तिने विचारलं. मला तिला हाक मारायची होती आणि तिचं नाव आठवत नव्हतं. दोन मिनिटं असतील. तेवढा वेळ मी साडीबद्दल काहीतरी बोलत राहिलो.

रतन. एकोणतीस वर्षं झाली लग्नाला. पुढच्या खेपेला ते नाव परत आलं नाही तर काय करायचं, याची मला भीती वाटते. तिला हे सांगितलेलं नाही. गुरुवारी तू समोर असलीस की सांगेन.

लोभ असू द्यावा आणि मी मागितली तरी किल्ली मला देऊ नये, ही विनंती.

तुझा,
हरिहरदादा