राग-आवरा वर्ग आणि भाऊजींचा टॉवेल

मळमड्डी, धारवाड
सोमवार, सकाळ

ती. अंबूताईस,

शेषगिरीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून तिच्याकडं नुसतीच बघतेस? आम्ही इथं खुशाल आहोत. (म्हणजे मी आहे. बाकीच्यांना मी विचारलेलं नाही.)

माझा रविवारचा वर्ग तुला ठाऊकच आहे. मुलांना राग आवरायला शिकवणारा निवृत्त मास्तर अख्ख्या धारवाडात मी एकटाच असेन, आणि पद्धतही माझी स्वतःची. उपदेश नाही, श्लोक नाहीत. चारचौघांत भडकलेल्या माणसांचे व्हिडिओ मी टीव्हीवर लावतो, पारा चढायला लागला की मध्येच थांबवतो आणि विचारतो, याला मागं कुठून फिरता आलं असतं? मुलं "इल्ले, इल्ले!" म्हणून पडद्यावर बोटं टेकवतात. ("इथंच" असं मराठीत कशी म्हणतील, उत्साहात सगळी कन्नडच बोलतात.) गुण येतो. दीपश्री पूर्वी धाकट्या भावाला सरळ चावायची. आता ती थांबते, विचार करते आणि मग चावते.

अडचण आली ती व्हिडिओंची. विमानतळावर बॅगा आपटणारे परदेशी लोक इंग्रजीत चिडतात, आणि इंग्रजी ऐकलं की आमची मुलं वह्या काढून शब्दार्थ लिहायला लागतात. म्हणून मी गृहपाठ दिला, आपल्या भागातला राग शोधून आणा. त्यावर तुझ्या नातवानं, श्रीनिधीनं, शाळेच्या ग्रुपवर फिरणारा एक व्हिडिओ आणला. हुबळीहून धारवाडला निघालेली बस. माकडटोपी घातलेले एक गृहस्थ, पाठमोरे. त्यांनी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरलेली आणि कुणीतरी तो बाजूला सारून खुशाल बसलेलं. (टॉवेल टाकला की सीट आपली, हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडला तर भांडण ठरलेलं.) गृहस्थ कन्नडमध्ये तापले होते. मी अगदी खुलून शिकवलं. मान बघा कशी कोंबड्यासारखी पुढं येतेय, बोट बघा, एका टॉवेलापायी माणसानं अक्कल गहाण टाकली! मुलं हसून लोळली. मग माझा खास नियम सांगितला, की आपल्यातला माणूस कन्नडमध्ये भांडतोय तोवर काळजी नाही, मराठीवर आला की दूध उतू गेलं समजायचं. आणि गृहस्थ मराठीवर आले. "अहो, माझ्या नातवाची जागा आहे ती! उभं राहिलं की चक्कर येत्ये त्याला!"

तो आवाज, ताई, मी तुझ्या लग्नापासून ऐकतोय.

भाऊजी दारातच उभे होते. दर रविवारी श्रीनिधीला हुबळीच्या केशवापुरातून बसनं आणतात, वर्ग सुटेपर्यंत बाहेर कट्ट्यावर पेपर वाचतात, मग आम्ही दोघं चहा घेतो. हसणं ऐकून आत डोकावले असणार. मी श्रीनिधीला विचारलं, अरे, आधी सांगायचं नाही का? तर म्हणतो, "तुम्हीच म्हणालात की मामाआजोबा, माणसाकडं नाही, रागाकडं बघायचं." भाऊजी आत आले. नातवाला फक्त "बा, होगोण", चल, जाऊ, एवढंच म्हणाले, त्याचा हात धरला आणि निघून गेले.

आता तू निष्पक्षपणे बघ. एवढा अपमान होऊन माणूस शांत! आवाज चढला नाही, बोट उठलं नाही. कट्ट्यावर बसून नुसतं कानावर पडलं तरी माझी पद्धत लागू पडते, हे सिद्ध झालं. पुढच्या रविवारी मी मुलांना हेच उदाहरण दिलं. वर्ग जोरात चालू आहे, तेव्हा काळजी नसावी.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार (ते स्वीकारत असतील तर).

तुझा,
शेषगिरी

ता. क. श्रीनिधी त्यानंतर वर्गाला आलेला नाही. व्हिडिओ मी काढून टाकलाय. चूक टॉवेल सारणाऱ्याची होती, असंही मुलांना सांगितलंय.

आणखी एक ता. क. हे फोनवर बोलता येत नाही, कारण फोन भाऊजीच उचलतात. "ताईला देतो हं" म्हणतात आणि देतात, इतक्या सभ्यपणे की माझा जीव जातो. रविवारी मी सवयीनं दोघांचा चहा टाकतो आणि दोन्ही कप मलाच प्यावे लागतात. मला करमत नाही, ताई. तू काहीही कर, पण त्यांना इकडं पाठव. येऊन माझ्यावर मनसोक्त ओरडा म्हणावं. दार उघडं ठेवतो, गल्लीनं ऐकलं तरी चालेल. मग चहा घेऊ.