पाच मीटर, आठ सेकंद

क्रिस्तियानसुंद, १८ जानेवारी २०१६

ती. बोर्गहिल्डताईस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू कपाटात ठेवतेस, म्हणून पुन्हा कागद. ट्रॉन्डहाइमला जाऊन आलो. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्यात, बायपास दोन फेब्रुवारीला.

त्याआधी सुन्निव्हा नावाच्या फिजिओथेरपिस्टने माझी मापं काढली, शिंप्यासारखी. मुठीने दाबायचं यंत्र दिलं, काटा एक्केचाळीस किलोवर गेला. तिच्या भुवया वर गेल्या. चाळीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनात नट पिळलेत, म्हटलं. मग पाच मीटर चालायला लावलं, तर आठ सेकंद लागले. सहाच्या आत हवेत म्हणे. जे आधी सावकाश चालतात ते ऑपरेशननंतरही बहुधा सावकाश सावरतात, असं दिसून आलंय. मी सांगितलं, बूट नवे आहेत, चावतात. एरवी रोज बंदरापर्यंत जाऊन येतो. हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा उठायचं होतं, तिथेही बुटांवरच ढकललं. पोरगी भली आहे, सगळं लिहून घेतलं.

काळजी नको. लोभ आहेच, तो टाके निघाल्यावरही राहू दे.

तुझा ओद्वार

स्मोला बेट, २२ जानेवारी

चि. ओद्वार यास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. कुठले नवे बूट? ते मार्गितने तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेले, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली. नाताळात मी आले तेव्हा त्यांच्या तळव्यांना चिखल नव्हता, वर धूळ मात्र होती. पाव-दूध शेजारचा आस्ले आणून देतो, हे त्याच्याकडूनच कळलं. खिडकीत बसून बंदर बघण्याला बंदरापर्यंत जाणं म्हणत नाहीत, बाळा.

म्हणून मी सुन्निव्हाला पत्र टाकलंय. जे आहे ते सगळं लिहिलं. तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तू रागावशील. रागवायला तू जिवंत हवास, इतकंच माझं मागणं आहे.

उद्याच्या बोटीने माशाच्या टिक्क्या पाठवतेय. एकट्याने खा. माया आहे तशीच आहे, तू काहीही लिहिलंस तरी.

तुझी ताई

क्रिस्तियानसुंद, ३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार आज नाही.

ऑपरेशन सात आठवडे पुढे गेलं. सर्जन म्हणाले, तेवढं थांबता येईल, आधी पायांत बळ येऊ दे. सुन्निव्हाने तुझं पत्र माझ्यापासून लपवलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची त्याच्या बहिणीने चुगली केली, शाळेत करायचीस तशी.

मी खोटं का बोललो ते तू विचारलं नाहीस. जिना चढताना छाती आवळते आणि मी कठड्याला धरून उभा राहतो. मला भीती वाटते. एकदाचं होऊन जावं असं वाटत होतं. आता ही भीती घेऊन आणखी सात आठवडे काढायचे.

टिक्क्या आस्लेला दिल्या. सगळ्या.

ओद्वार

क्रिस्तियानसुंद, ९ मार्च

ती. ताईस,
सा. न., या वेळी उभ्याने.

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. कारण तुला माहीत आहे.

आठवड्यातून तीनदा इथल्या व्यायामकेंद्रात जातो. छातीला तारा चिकटवून चालवतात, जरा दुखलं की थांबवतात. खुर्चीचं कोडंही उलगडलं. ऑपरेशनला छातीचं हाड कापतात, मग कितीतरी आठवडे हातांवर भार द्यायचा नाही. म्हणजे माझी नावाजलेली मूठ रजेवर, आणि उठायचं ते मांड्यांच्या जिवावर. हे आधी सांगितलं असतं तर मी बुटांना नावं ठेवली नसती. किंवा ठेवलीही असती.

मागच्या मंगळवारी आस्लेबरोबर मासळीच्या गोदामापर्यंत गेलो. मार्गित तिथे कॉड वाळवायच्या कामावर होती, म्हणून तो रस्ताच मी सोडला होता. दारातल्या बाईने ओळखलं. म्हणाली, मार्गित डबा खाताना रोज खिडकीशी बसायची, माझी बोट दिसली की सगळ्यांना दाखवायची. हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. परतताना रडलो, पण थांबलो नाही. चालता चालताच रडलो. आस्ले बिचारा दुसरीकडे बघत राहिला.

काल पाच मीटरला साडेपाच सेकंद. ऑपरेशन बावीसला. राग थोडा उरलाय, तो असू दे. टिक्क्या पुन्हा पाठव.

तुझा ओद्वार

स्मोला बेट, ४ एप्रिल

चि. ओद्वारला अ. उ. आ., आणि शिवलेल्या छातीला जपून.

तू घरी पोचलास, जेवतोस, आस्लेवर ओरडतोस, हे कळलं. जीव भांड्यात पडला.

इस्पितळात चौथ्या दिवशी तू उशी छातीशी धरून खुर्चीवरून उठलास आणि सगळा व्हरांडा चालून आलास, तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. तू पुन्हा चालायला गेलास तशी मी त्या खुर्चीत बसून बघितलं. दोनदा उठले. तिसऱ्यांदा उठवेना. शेवटी सुन्निव्हाने हात दिला आणि माझं वय विचारलं. एकोणऐंशी सांगितलं. तिने हसून सांगितलं की वयाचं कारण इथे सगळेच देतात. घरी माझ्या खुर्चीत दोन उशा आहेत, तुला वाटतं त्या शोभेला आहेत. हसायचं असेल तर एकदाच हस, टाके ताणतील.

तुझी ताई

क्रिस्तियानसुंद, ८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकदाच हसलो. मग बराच वेळ नाही हसलो.

आस्ले मला पुढच्या शनिवारी, सोळाला, बोटीत बसवून देतोय. सामान तो चढवेल, धक्क्यावर कोणाला तरी घ्यायला सांग, मला अजून महिनाभर काही उचलायचं नाही. तीन आठवडे राहीन. सुन्निव्हाला फोनवर विचारलं, ती तुझ्यासाठी व्यायामाचा कागद पाठवतेय.

मी तुला हात देऊन उठवू शकणार नाही, तेवढी मनाई आहे. समोर खुर्ची टाकून बसेन. उशा काढून ठेव. दोघं एकदमच उठू.

लोभ आहे तो आहेच. आता पायांचंही बघू.

तुझा ओद्वार