रोझमेरी ठणठणीत आहे

२ नोव्हेंबर, सकाळी

ही आज लेकीकडे गेली. लेकीचं बाळंतपण आहे, त्यामुळे फेब्रुवारीअखेरपर्यंत तिकडेच. टॅक्सीत बसता बसता पुन्हा तेच पालुपद: आधी या पाच कुंड्या हिवाळाभर जगवून दाखवा, मग नोकरी सोडून नर्सरी काढायचं बोला, तोवर ऑफिसात तोंड उघडायचं नाही. मी हसून हो म्हटलं. इथे माझ्या डोळ्यांसमोर एकरच्या एकर झाडं डोलतायत आणि ही अडलीये पाच कुंड्यांवर!

बाल्कनीत हजेरी घेतली. रोझमेरी, पुदिना, बेसिल, थाईम, गवती चहा. सगळे हजर. सासूबाईही हजर. त्या आमच्याकडेच असतात, पण गुडघ्यांमुळे थंडीत त्यांना प्रवास झेपत नाही. बाल्कनीच्या काचेजवळची खुर्ची त्यांची. तिथून त्यांना सगळं दिसतं, हे जरा गैरसोयीचं आहे.

संकल्प: रोज पहाटे उठून प्रत्येक झाडाचं निरीक्षण.

३ नोव्हेंबर, सव्वाआठ

आत्ता उठलो. पहाटे बाहेर भयंकर गारठा होता, म्हणजे असणार. अशा वेळी झाडांची झोपमोड करणं बरं नाही. निरीक्षण काचेतून केलं. सगळं उत्तम.

९ नोव्हेंबर

अभ्यासाला लागलो. एका व्हिडिओत एक बाई सांगत होती की रोझमेरीला जास्त पाणी अजिबात सोसत नाही. तिचं पाणी ताबडतोब बंद केलं. पुढचा व्हिडिओ पाहिला नाही. मुद्दा कळल्यावर वेळ कशाला घालवा?

आणखी कुठेतरी वाचलं की थंडी वाढली की झाडं आत घ्यावीत. रोझमेरी हॉलमध्ये आणली, हीटरशेजारी, मानाच्या जागी. बाकीच्यांनी बाहेर राहून काटक व्हायचं आहे. हिने त्यांचे फार लाड करून ठेवलेत.

१५ नोव्हेंबर

बेसिल रातोरात काळं पडलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, ते रात्री आत घ्यायचं असतं हो. मी म्हटलं, आई, प्रयोग चालू होता. त्या म्हणाल्या, बरं. त्यांचं ते बरं मला आवडत नाही.

बेसिलचा पिंडच नाजूक. आपल्या नर्सरीत बेसिल ठेवायचं नाही, असं धोरण आज पक्कं झालं. हे वेळीच कळलं ते चांगलं.

संध्याकाळी हिने फोटो मागितला. ऑक्टोबरातला पाठवला. बेसिल तेच आहे, तारीख फक्त वेगळी.

२८ नोव्हेंबर

सर्दी, खोकला, अंग मोडून आलंय. आठवडाभर आलं घालून गवती चहा चाललाय. आज कापायला गेलो तर कुंडीत नुसती खुंटं. तीही पिवळी. पण याला मरणं म्हणत नाहीत. हा माल वापरात खर्ची पडला. अशा नोंदी ऑफिसात आम्ही रोज करतो, कोणी हरकत घेत नाही.

११ डिसेंबर

पुदिना गेला. एकही पान नाही, तपकिरी काटक्या तेवढ्या. सासूबाई म्हणाल्या, राहू द्या हो तसाच. पण या धंद्यात मन घट्ट करावं लागतं. मेलेल्याला कवटाळून बसलो तर जिवंत असतील त्यांच्याकडे कोण बघणार? माती, मुळं, सगळं इमारतीच्या मागे नेऊन ओतलं. कुंडी स्वच्छ धुऊन पालथी घातली. फार व्यावसायिक वाटलं.

२० डिसेंबर

रोझमेरी! काय झाड आहे! महिन्याभरात एक पान गळलं नाही, एक पिवळं पडलं नाही. आहे तशी उभी. हिच्या हाती असताना सारखी इकडून तिकडून फुटायची, वाकडी वाढायची. माझ्या हाती शिस्त आली.

सासूबाईंचं मत, झाड वाढत नाहीये. मी म्हटलं, आई, थंडीत झाडं विश्रांती घेतात. त्या म्हणाल्या, मग पुदिना काय करत होता? म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये. कृपा करून झाडांबद्दल काही बोलू नका, एवढंच नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं.

दुपारी व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. नावाखाली ‘संस्थापक’.

६ जानेवारी

पहाटे लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आजोबा झालो! फोनवर हिचा आवाज ओला झाला होता, माझाही झाला. मग तिने विचारलं, थाईम कसं आहे?

थाईमची मुळं कुजली आहेत. बिचारं गारठलंय म्हणून दोन्ही वेळा कोमट पाणी घालत होतो. माया जास्त झाली, आणखी काय? आनंदाच्या दिवशी असली बातमी कशी द्यायची? म्हटलं, ओलावा चांगला आहे.

१९ जानेवारी

शांतपणे विचार केला. कोत्या नजरेने पाहिलं तर पाचातली एक उरली आहे. पण हिने पाच म्हटलं ते उदाहरणादाखल. तिला पाहायचं होतं की या माणसाच्या हाती झाड जगतं का. जगतं! हॉलमध्ये उभं आहे! आणि खरा व्यापारी सगळं पिकवत बसत नाही, एकाच मालात नाव काढतो.

बाथरूममध्ये साहेबांसमोर करायच्या भाषणाचा सराव केला. बाहेर आलो तर सासूबाई दाराशी. विचारलं, कोणाशी बोलत होतात? म्हटलं, गाणं म्हणत होतो. त्या म्हणाल्या, चाल नाही बसली.

२५ जानेवारी, दुपारी

दिला! राजीनामा दिला! इतकी वर्षं विम्याचे दावे तपासले. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं छत गळलं. बास झालं आता. साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. हादरलेच असणार. म्हणाले, ठीक आहे, महिनाभर हातातली कामं उरका, मग बघू. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. माझ्यावाचून कसं निभणार, याचा विचार करायला त्यांना वेळ हवा असेल.

हिला अजून सांगितलेलं नाही. समोरासमोर, रोझमेरीच्या साक्षीने सांगेन. हरखून जाईल. सासूबाईंनाही पत्ता लागू दिला नाही.

१० फेब्रुवारी

हातातली कामं उरकत नाहीयेत. जाणाऱ्या माणसाचं मन लागत नाही. फायली बाजूला रचून ठेवल्यात.

ही फोटो मागते. रोझमेरीचे पाठवतो: समोरून, डावीकडून, खालून. बाकीच्यांचे मागितले तर रेंज जाते.

आज सासूबाईंनी वास घ्यायला रोझमेरीची एक काडी मोडली. कट्टकन आवाज झाला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, बघितलंत, किती कणखर झालीये!

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

ही आली. चपलाही न काढता थेट रोझमेरीपाशी गेली. मी मागे उभा, सराव केलेलं भाषण ओठांवर. तिने खालून वर, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला. सरसर आवाज झाला आणि अख्खं झाड फरशीवर आलं. पान न् पान. कुंडीत राहिली एक करडी काटकी. हिच्या मुठीत तेवढा वास राहिला.

कधी मेलं हे, असं तिने विचारलं. मला नाही, तिच्या आईला. सासूबाई म्हणाल्या, डिसेंबरातच गेलं गं. ते वाळलं तरी हिरवंच दिसतं. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, जावईबापूंनी बोलू नका सांगितलं होतं, आणि इतके खुशीत होते, माझ्याने नाही बोलवलं.

ही हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मागच्या खिडकीतून खाली डोकावली आणि पुन्हा हसली. तिथे जिन्यापासून भिंतीपर्यंत पुदिना माजलाय. तळमजल्यावरच्या बाई सुपात तोडून नेत होत्या. मेला नव्हता म्हणे, थंडीत वरून वाळतो, खाली जिवंत असतो.

एवढी हसतेय तर हीच वेळ, असं वाटलं. राजीनाम्याचं सांगून टाकलं.

हसणं थांबलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं, उत्तरं तयार होती. केरसुणी घेऊन तिने पानं गोळा केली, सुपलीत भरली आणि एवढंच विचारलं, आता काय करणार आहात? मला खरंच माहीत नाही. नर्सरीला जागा पाहिलेली नाही. एक बी विकत घेतलेलं नाही. कार्डं तेवढी छापून आलीत. भीती वाटतेय. इथे लिहितोय म्हणून लिहितोय, तिला म्हटलं, बघतो.

२७ फेब्रुवारी, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

सकाळी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. वाटेत नवं भाषण जुळवलं होतं: संस्थेवरचं प्रेम, नव्या पिढीला मार्गदर्शन, माझा त्याग वगैरे. साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मी घसा साफ केला.

त्यांनी विचारलं, किती जगल्या?

म्हटलं, काय साहेब? म्हणाले, कुंड्या.

मग साहेबांनीच सांगितलं. सासूबाईंनी बाथरूमच्या दाराशी सगळं भाषण ऐकून हिला कळवलं होतं. त्याच संध्याकाळी हिने साहेबांना फोन केला होता: राजीनामा आलाच तर मी येईपर्यंत तो पुढे पाठवू नका, पाचही जगल्या तर पाठवा, मी अडवणार नाही. पाचही जगल्या तर जाऊ देणार होती. हे ऐकून कसंतरीच झालं. साहेब पेन हातात घेऊन थांबले होते. महिनाभर थांबले होते.

म्हटलं, एक. पुदिना, तोही मी फेकून दिलेला.

साहेब हसले नाहीत. ड्रॉवर उघडून पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, टेबलावरच्या फायली या आठवड्यात संपवा. मी हो म्हटलं. दारापर्यंत पोहोचलो तेव्हा पुन्हा हाक मारली. त्यांच्या खिडकीत एक छोटी कुंडी आहे, माझी बाही तिला लागत होती. म्हणाले, तेवढं जरा सांभाळून, लांबून जा.