दसऱ्याची फुंक

श्री
नाशिक, ता. ४ ऑगस्ट १९३५

ती. यादवदादास मैनाचा सा. न. वि. वि.

एक प्रश्न विचारते. उत्तर मला येत नाही आणि बी. ए.साठी वाचलेल्या एकाही पुस्तकात ते सापडलेले नाही. एकाच्या ओठांचे वाद्य दुसऱ्याने ओठांना लावले, तर त्यातून एकाचा क्षय दुसऱ्याकडे जातो का?

इसाकला खोकल्यातून रक्त पडले. बुधवारच्या तालमीत मधेच कॉर्नेट खाली ठेवून तो बाहेर गेला आणि रुमाल खिशात कोंबत परत आला. हसून म्हणाला, पान खाल्लं होतं. इसाकने जन्मात पान खाल्लेले नाही हे आपल्या बँडमध्ये कोणाला ठाऊक नाही? मी त्याला ओढत दवाखान्यात नेले. थुंकी तपासून डॉक्टरांनी काल सांगितले, क्षयच आहे. त्यांनी विचारले, ह्याचा पेला आणखी कोण वापरते? मी म्हणाले, पेला नाही, कॉर्नेट. त्यांनी लेखणी खाली ठेवली. वरचा प्रश्न मी त्यांनाही विचारला. ते म्हणाले, जातो असे शपथेवर सांगवत नाही, आणि जात नाही असे म्हणायची छाती होत नाही.

तू बदलून इगतपुरीला गेलास आणि बँड माझ्या पदरात टाकलास, तेव्हा फुंकणारे आठ आणि वाद्ये चार होती. एका वाद्यावर दोघे. तेव्हाची भांडणे तुला आठवत असतील. कोणी ओठ लावायचे ते पितळी तोंड काढून राखेने तीनतीनदा घासायचा, कोणी सोवळ्यातल्यासारखा रुमाल गुंडाळून धरायचा. म्हणून मी नियम केला की वाद्याला उष्टे नसते. लग्न असो की मयत, ज्या घरी आपण फुकट वाजवायला जाऊ, त्या घराने आपल्या सगळ्यांना एकाच घागरीचे पाणी द्यायचे, आणि आपण सगळ्यांनी एकाच तोंडाने फुंकायचे. दसऱ्याची फुंकही माझीच. सगळे गोल उभे राहतात, एकच कॉर्नेट हातोहात फिरतो आणि ढोलवाल्यांसकट प्रत्येकजण त्यात एकेक फुंक मारतो. पुसायचे नाही, अशी माझी अट होती. पुसले तर ती फुंक मोजायची नाही.

दादा, गेल्या दसऱ्याला तो कॉर्नेट इसाकच्या हातून सुरू झाला होता.

बातमी खंडेरावांपर्यंत पोचली. त्यांच्या भांड्यांच्या वखारीत आपली तालीम, त्यामुळे पोचणारच. ते तालमीत येऊन खुर्चीवर बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले की आपण बँडला कपाट देऊ, दोन खणांचे. वरच्या खणात आपली वाद्ये, खालच्या खणात त्यांची, म्हणजे मुसलमानांची. मग सावळीरामने ढोलाचे दोर आवळता आवळता विचारले, मालक, मला अजून तुम्ही पायरीखालीच उभा करता, तर माझा ढोल कोणत्या खणात, की कपाटाखाली सरकवू? पोरे हसली. खंडेराव हसले नाहीत. विचार करून कळवा, म्हणाले.

आईला अजून सांगितलेले नाही. वहिनींना नमस्कार. आजवर सांभाळून घेतलेस तसेच घे.

तुझी मैना


इगतपुरी, ता. ९ ऑगस्ट १९३५

चि. मैनास अनेक आशीर्वाद.

बी. ए. बाईसाहेबांचे पत्र पोचले. इथे चौदा दिवस सूर्य नाही. तुझी वहिनी ओले कपडे चुलीवर धरते आणि मी धुराच्या वासाचा सदरा घालून यार्डात जातो. गार्ड म्हणतात, यादव, आज भजी कोणाकडे होती?

इसाकचे वाचून वाईट वाटले. बाबांच्या भांड्यांना तो कल्हई करायचा तेव्हाही तोंडाने सूर चालूच असायचा. त्याला कॉर्नेट मीच शिकवला.

नियम केलास तेव्हाच रजेवर आलो असता मी म्हणालो होतो की वेडे, पाणी एका घागरीचे ठीक आहे, थुंकी कशाला एक? तू माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हतीस. आता ऐक. तालीम बंद कर. वाद्ये उकळत्या पाण्यातून काढ. पुन्हा सुरू कराल तेव्हा ज्याचे त्याचे तोंड वेगळे. खंडेरावांशी मात्र भांडू नकोस. बाबांच्या घागरी तेच उचलतात हे विसरू नकोस.

आणि तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात गोरक्षबद्दल एक ओळ नाही. इसाकच्या त्याच कॉर्नेटवर आपला गोरक्ष बसतो ना? आईने शेजाऱ्यांकडून लिहवून घेतलेल्या कार्डात आहे की तो बाबांच्या कारखान्यात बसत नाही, माळ्यावर पडून असतो. धाकट्याबद्दल तू मला काय सांगत नाहीस?

उलट टपाली लिही.

तुझा दादा


नांदगाव, ता. २२ ऑगस्ट १९३५

मैनाताईस इसाकचा सलाम.

अक्षर वाकडं आलंय ते आजारामुळं नाही, पहिल्यापासून तसंच हाय. शाळेत मास्तरांनी त्यावरून लय मार दिला, तरी सुधरलं नाही.

थोरली बहीण रेहानाआपा मला इथं तिच्या घरी घेऊन आली. बकरीचं दूध, अंडं, उशी उन्हात, सगळं करते. माझी ताटली वेगळी, पेला वेगळा, तो चुलीच्या राखेत पुरून ठेवते. तिची पोरं दारातून मला बघतात. मी त्यांना ओठांनीच कॉर्नेट वाजवून दाखवतो, मग खोकला येतो, मग आपा त्यांना हाकलते.

बायका येऊन आपाला विचारतात, कुठून आणलं ह्यानं? आपा सांगते, त्यांच्या बाजातून. धा जणांचं उष्टं तोंडात घेत होता, दुसरं काय व्हणार? ताई, मला हसू आलं. तिकडं खंडेराव म्हणतात आमच्यामुळं, इकडं आपा म्हणते तुमच्यामुळं. दोघांना एका पाटावर बसवलं पाहिजे, लय जमेल त्यांचं.

आपानं मला खोदून विचारलं, तुझ्या आधी कोण खोकत होतं? मी म्हणालो, मी कल्हईवाला, तो तांबट, दोघं धुरात बसणारे, पहिला कोण खोकला हे कोण ध्यानात ठेवतो? पण तुमच्या ध्यानात असेल. होळीच्या मिरवणुकीत गोरक्ष मधेच थांबून भिंतीला टेकला होता, आणि मी त्याच्या हातातून कॉर्नेट घेऊन पुढची चाल वाजवली होती. हे मी आपाला सांगितलं नाही. तुम्ही पण कुणाला सांगू नका. त्याचं लगीन जमायचंय. माझं नाव आता काय झालं तरी चालतंय.

कॉर्नेटची मधली कळ अडकते. खोबरेल घालू नका, चिकटतं.

एक अजून. मी गेलो तर बाजा आणू नका, आमच्यात मयतीला वाजवत नाहीत. नुसते या. सावळीरामला गप्प चालणं जमणार नाही, त्याला आत्तापासून सराव करायला सांगा.

बाबांना सलाम. दुआ करा.

इसाक


इगतपुरी, ता. १ सप्टेंबर १९३५

चि. मैनास आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यात घातलेले इसाकचे, दोन्ही वाचली. गोरक्षची थुंकीही तशीच निघाली. वहिनीला अजून सांगवलेले नाही.

तू लिहितेस की तालमीत उभी राहून सगळ्यांना सांगणार, गोरक्ष होळीपासून खोकत होता म्हणून. मैना, तसे करू नकोस. इसाक स्वतःच नको म्हणतो आहे. आणि तू सांगितलेस म्हणून तरी काय सिद्ध होते? होळीला गोरक्ष धुराने खोकला असेल, इसाकला त्याआधीपासून असेल. तुझ्याच डॉक्टरांना सांगता येत नाही, तर तू कोण सांगणार?

दोन खणांचे कपाट येऊ दे. लोक इसाकचे नाव घेतात, घेऊ देत. तो आता गावात नाही, त्याला काय लागते? आपल्याला तिथेच राहायचे आहे. त्या घरची घागर म्हटल्यावर बाबांचा माल कोण घेईल? गोरक्ष बरा झाला तरी त्याला मुलगी कोण देईल? तुझे तरी काय?

हे लिहिताना माझी मला लाज वाटते आहे. तरी लिहितो आहे. मोठा भाऊ आहे म्हणून लिहितो असे समज आणि ऐक.

तुझा दादा


नाशिक, ता. ८ ऑक्टोबर १९३५

ती. दादास मैनाचा सा. न. वि. वि.

महिनाभर तुला उत्तर दिले नाही. तुझे पत्र रोज वाचत होते. त्यातले एकही वाक्य मला खोडता आले नाही.

इसाक गेला. पहाटे गेला, आणि सकाळी तार आली. आम्ही मिळेल त्या गाडीने नांदगाव गाठले. वाद्य एकही नेले नाही. पुरुष जनाज्याबरोबर गेले. सावळीराम कबरस्तानापर्यंत आणि परत एक शब्द बोलला नाही, असे मागून कळले. गाडीत मात्र तो नाशिकरोडपर्यंत तोंड खिडकीबाहेर काढून बसला होता.

मी बायकांत बसले. रेहानाआपांनी मला पाहून विचारले, आता कशाला आलात? मी सांगितले की आमचा गोरक्ष होळीपासून खोकत होता, इसाकला ते माहीत होते, आणि त्याने तुमच्यापासून ते झाकले. त्या उठल्या, पाण्याचा तांब्या आणला आणि मला ओंजळ करायला सांगून वरून, हात लागणार नाही असे, पाणी ओतले. मी प्याले. दादा, सावळीराम खंडेरावांच्या दारात पाणी कसे पितो ते मी लहानपणापासून पाहिले आहे. ओंजळीतून कोपरापर्यंत पाणी ओघळते हे मला माहीत नव्हते.

नांदगावला ते बोलून झाले होते, त्यामुळे त्यानंतरच्या शनिवारी तालमीत काय बोलायचे हे ठरवावे लागलेच नाही. कपाट आले होते, दोन खणांचे, रंगाचा वास येत होता. खंडेराव म्हणाले, व्हायचे ते झाले, खालचा खण काही दिवस रिकामाच राहील. मी उभी राहून म्हणाले की कोणाचे कोणाला लागले ते मला माहीत नाही, पण खोकला आधी आमच्या घरात होता. खालच्या खणात ठेवायचेच तर आधी गोरक्ष तांबटाचे तोंड ठेवा. खंडेरावांनी खुर्ची मागे सरकवली. पोरांपैकी दोघे उठून गेले, ते परत आलेले नाहीत. मी वखारीची किल्ली कपाटावर ठेवली. सावळीरामने हातगाडी आणली आणि वाद्ये आपल्या कारखान्यात आणून टाकली.

तू म्हणालास तेच सगळे झाले. दुसऱ्या दिवशी खंडेरावांचा गडी येऊन सांगून गेला की या महिन्याच्या घागरी पाठवू नका. शेजारच्या साळूबाई हळदीकुंकवाला बोलावायला आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच परत फिरल्या. आई माझ्याशी धड बोलत नाही. ताट समोर आपटते आणि म्हणते, शिकवून सवरून हेच करायचे होते का? शाळेत शिकवायला जाते तिथेही मुख्याध्यापिकाबाईंनी मला गोरक्षच्या तब्येतीबद्दल दोनदा विचारले आहे. तिसऱ्यांदा काय विचारतील ते मला दिसते.

गोरक्ष माळ्यावर आहे. छातीत डाव्या बाजूला डाग आहे आणि ताप संध्याकाळी येतोच. मी सगळ्यांसमोर त्याचे नाव घेतले हे मीच त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, माझं लग्न मोडलंस, आता तुलाच जन्मभर माझ्यासाठी अंडी उकडावी लागतील. मी हसले आणि खाली येऊन रडले.

खंडेनवमीला बाबांनी हातोड्या आणि चिमटे पूजेला मांडले, फूल वाहिले आणि मला म्हणाले, ती बाजाची तोंडं आण. घागर कोणी घेत नाही, तर भट्टी तरी कशाला थंड ठेवायची? बाबा ठोकणारे, ओतकामाचा हात नाही. पहिली दोन बिघडली. एकाची कड ओठ कापेल अशी, दुसऱ्यातून वाराच जाईना. तिसरे साधले. आता जितके फुंकणारे उरले आहेत तितकी तोंडे झाली आहेत, ज्याचे त्याला. कारखान्यात एका फळीवर एका ओळीत खिळे ठोकले आहेत. जो आधी येईल तो पहिल्या खिळ्यावर अडकवतो. एक खिळा गोरक्षचा. त्याला फुंकायची परवानगी नाही, तरी त्याचे तोंड तिथे आहे.

दसऱ्याला आम्ही गोल उभे राहिलो. कॉर्नेट फिरवला नाही. ज्याने त्याने आपल्या तोंडाने एकेक फुंक मारली, ढोलवाल्यांनी ढोलावर एकेक थाप दिली. गेल्या वर्षीपेक्षा आवाज बारीक होता. माळ्यावरून गोरक्षने खिडकीच्या गजावर वाटी वाजवली.

ओतण्याआधीचे तेवढे सांगायचे राहिले. जुनी चार तोंडे आणि एक फुटकी घागर बाबांनी भट्टीजवळ मांडली होती. कॉर्नेटचे तोंड आले तेव्हा आई आतून म्हणाली, ते गोदेत फेकून द्या. बाबांनी ते चिमट्यात धरले आणि माझ्याकडे बघून विचारले, आठवण म्हणून वेगळे ठेवायचे का? मी चिमटा त्यांच्या हातातून घेतला आणि ते बाकीच्यांबरोबर भट्टीतल्या मुशीत सोडले. ते सगळ्यांत शेवटी वितळले. इसाकचे पितळ कोणाच्या तोंडात किती गेले, हे आता बाबांनाही सांगता येणार नाही.

रागावला असशील तर रागावूनच लिही, पण लिही.

तुझी मैना