गच्चीचं कुलूप

सोहाग, इजिप्त, १४ मार्च

वहीबाताई,

सलाम. तुझे गुडघे कसे आहेत ते आज विचारत नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी वाचा बसते, म्हणून लिहितेय.

तुझा नातू झियाद आमच्याच वॉर्डात आहे, नाकाला ऑक्सिजन लावून. जिवंत आहे. दोन दिवस आधी आणला असता तर रविवारी ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं असतं. आता श्वास सुधारेपर्यंत थांबायचं, आणि तोवर त्याचं ते आजारी हृदय टिकायला हवं.

तुझ्या सुनेला घरी सोडण्याआधी आठ दिवस मी शिकवलं. अशा बाळांच्या बारा आया होत्या, त्यांत शैमा सगळ्यांत हुशार. श्वास मोजायचे, दूध थोडं थोडं पाजायचं, रोज सकाळी उजेडात ओठ बघायचे. निळे दिसले की तडक इथे.

आणि तू गच्चीला कुलूप घातलंस! चाळीस दिवसांच्या आत उजेडात नेलं तर नजर लागते म्हणे. वर तोंडावर फडकं. दूध पिताना घामाघूम होतो म्हणून बडीशेपेचं पाणी! ती म्हणाली, "आई, मिनिटाला सत्तर श्वास होताहेत." तू म्हणालीस, "मी सात पोरं वाढवली, कधी मोजत बसले नाही. आठ दिवस काय शिकली, मला शिकवायला निघाली!"

ताई, तू आठ जन्माला घातलीस. सामियाच्या तोंडावरचं फडकं मी काढलं होतं. नऊ वर्षांची होते मी. तिचेही ओठ निळे होते.

गुरुवारी शैमाचा फोन आला. "मावशी, आईंना तुम्ही सांगा ना." मी काय म्हणाले, ठाऊक आहे? "सासूशी वाद घालू नकोस, पोरी." बारा बायांना सांगते, घाबरू नका, आणि स्वतः तुला घाबरले. आग लागो माझ्या शिकवण्याला!

शनिवारी तिनेच कुलूप फोडलं. सातव्या दिवसाच्या सोहळ्यात 'आजीचं ऐक' म्हणत झियादच्या कानाशी खलात वाजवलास ना, त्याच बत्त्याने. उजेडात ओठ पाहिले आणि तशीच घरातल्या चपलांनिशी इथे आली.

सोमवारी दहाला वर्ग आहे, या वेळी सासवांचा. ये आणि पहिल्या रांगेत बस. त्याआधी झियादला भेटता येणार नाही. हे शैमा नाही, मी सांगतेय.

तू वाढवलेली, आणि आज पहिल्यांदा तुझं न ऐकणारी,
इकराम