सुरुवातीचा तुकडा

समुद्रपूर, मंगळवार, संध्याकाळ

आज बारावीला डीएनएची प्रत कशी बनते ते शिकवलं. हेलिकेज नावाचं एन्झाइम डीएनएचे दोन धागे उलगडतं, मग पॉलिमरेज हे दुसरं एन्झाइम नवा धागा जोडत जातं. पण पॉलिमरेजला कोऱ्या जागी सुरुवात करता येत नाही. आधी प्रायमेज एक छोटासा तुकडा तिथे ठेवतं, तेव्हा कुठे याचं काम चालू होतं. दीक्षाने विचारलं, "मॅडम, एवढं सारं करते, मंग सुरुवातच काऊन नाई करत?" मी म्हटलं, "स्वभावच तसा त्याचा." वर्ग हसला. मी मात्र घरी येईपर्यंत त्याच उत्तरात अडकून होते.

नोकरीसाठी साताऱ्याहून इथे आले, हा दुसरा हिवाळा. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून विचारतात, "काय भाजी केली वो मॅडम?" की मी सुरू. घरचं, कॉलेजचं, सगळं सांगून मोकळी होते. आज त्या लेकीकडे आंजीला गेल्यात. तरी मी उगाच कुंपणापर्यंत जाऊन आले. कॉलेजातून आल्यापासून कुणाशी एक शब्द नाही.

म्हणजे इतके दिवस तो पहिला तुकडा दरवेळी त्यांनीच ठेवला? एकदाही मी नाही?

शेवटी फोन लावला. म्हटलं, "काकू, काय भाजी केली?"

पलीकडून काकूंचा घाबरा आवाज आला, "काय झालं वो मॅडम? तब्येत बरी नाई का?"