मोठ्याने वाचलेला पत्ता

४ मार्च, मंगळवार

सकाळी डबा म्हणाला, आज ऊन आहे. जसं काही मला खिडकीच नाही!

गेल्या खेपेला मुलाने हा बोलका डबा आणून ओट्यावर ठेवला. "आई, याच्याशी बोलत जा. एकटं वाटणार नाही." हे असते तर म्हणाले असते, घरात एक बोलणारी पुरेशी नव्हती का?

हे गेल्यापासून "चहा घेता का?" विचारायला कोणी नाही. एकदा डब्यालाच विचारलं. म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही."

६ मार्च, गुरुवार

वकीलबाईंकडून टाइप केलेली निवेदनं आली. मूळ हस्ताक्षराशी ताडून चुका काढायच्या. त्यांच्या ऑफिसात मला मागची खोली असायची, दार लावून. कारण मला मनात वाचता येत नाही. शाळेत गेले नाही मी. मुलगा धडे मोठ्याने म्हणायचा, मी भांडी घासत ऐकायचे, मग तेच शब्द पुस्तकात बोट ठेवून शोधायचे. तेव्हापासून अक्षर कानातूनच आत जातं. ओठ मिटले की चुका निसटतात. हे चिडवायचे — "सुरू झाला जप!"

ऑफिस लहान केल्यापासून काम घरीच. ओट्याजवळ उजेड चांगला, तिथेच बसते.

आजचं निवेदन एका तरुण बाईचं. नवऱ्याच्या माराला कंटाळून पळाली. त्याने दोनदा शोधून काढलं, दोन्ही वेळा तिच्या फोनवरून. आता बहिणीकडे लपली आहे. पत्त्यात घराचा आकडा चुकला होता, म्हणून तो पुन्हा पुन्हा वाचला. एकेक आकडा सुटा करून.

९ मार्च, रविवार

मुलाचा फोन. बोलता बोलता म्हणाला, "काल हातातून पातेलं पडलं का गं?"

पडलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"अगं, डब्यावरून निरोप येतो मला. धप्प आवाज झाला की. तू पडलीस-बिडलीस तर कळायला नको?"

"म्हणजे तो हाक न मारताही ऐकतो?"

"ऐकतो म्हणजे... साठवतो. कंपनीकडे राहतं ते. तशी सोय मी सुरू केली होती."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

म्हणजे उत्तर ठाऊक होतं गुलामाला!

खरं सांगते — राग यायच्या आधी क्षणभर बरं वाटलं. कुणीतरी इतके दिवस माझं ऐकत होतं. म्हणून विचारलं, "मी वाचते ते ऐकलंस कधी?" हसला. "आई, तेवढा वेळ कुठे असतो गं?"

ऐकलं ते फक्त डब्याने.

फोन ठेवला, आणि मग तो पत्ता आठवला. एकेक आकडा सुटा करून! तशीच डब्याकडे गेले. वायर उपटली.

१० मार्च, सोमवार

मुलाला फोन केला. म्हणाला, "पुसलं सगळं."

"तुझ्या फोनवरचं. कंपनीकडचं?"

"तेही पुसलं जातं, असं लिहिलंय."

"लिहिलंय म्हणजे जातं का रे?"

भिंतींना कान असतात हे लहानपणापासून ऐकलं. भिंती निदान जागच्या हलत तरी नाहीत.

११ मार्च, मंगळवार

वकीलबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. डोक्याला हात लावून बसल्या.

"मावशी, कुणाच्या कानावर गेलं असेल?"

"कदाचित कुणाच्याच नाही. पण मला ठाऊक नाही."

"मलाही नाही. तोच तर घोळ आहे. तिच्या नवऱ्याचा धंदा फोन दुरुस्तीचा. बहिणीकडून तिला हलवायला हवं. आश्रयगृहात महिनाअखेरपर्यंत जागा नाही."

मग त्यांची नजर कपाटावर गेली. माझ्याचसारखा डबा, फायलींच्या शेजारी, हिरवा दिवा लावून बसलेला. त्या उठल्या, वायर काढली. म्हणाल्या, "इथे बसून किती बायका रडल्या असतील हो!"

तूर्त मला काम नाही. बरोबरच आहे.

१४ मार्च, शुक्रवार

डबा माळ्यावर टाकला. ओट्यावर त्याच्या जागी गोल डाग राहिलाय. आज दिवसभर घरात आवाज म्हणून झाला नाही. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला घेतलं, तर स्वतःच्याच आवाजाला दचकले.

त्या मुलीचा विचार सुटत नाही. तोंड माझं, आणि घर तिचं सुटणार.

१७ मार्च, सोमवार

वकीलबाईंकडे पुन्हा गेले. फोनवर बोलायची गोष्ट नव्हती. म्हटलं, "माझ्याकडे यांची खोली रिकामी आहे. मी तिच्या नात्यातली नाही. मला कोण शोधणार?"

"मावशी, मुलाला सांगावं लागेल ना?"

"नाही."

"तिला विचारते," म्हणाल्या. "चूक कुणाकडून झाली, हेही सांगेन."

"सांगायलाच हवं."

२० मार्च, गुरुवार

वकीलबाई स्वतः येऊन सांगून गेल्या, ती यायला तयार आहे. यांची खोली झाडली. यांचे सदरे बाहेर काढले, छातीशी धरले. मग ट्रंकेत ठेवले.

२३ मार्च, रविवार

मुलाचा फोन आला तेव्हा ती मोरीत भांडी विसळत होती.

"आई, घरात कोण आहे गं?"

"कोण असणार?" मी म्हटलं. "मी एकटीच."